लिमिट स्विचवाल्या अक्का

चेन्नईत, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात चहा घेऊन मी जागेवर परतत होते, तेव्हा सेतुमामांचा फोन आला. एरवी मामा स्वतः कधी फोन करत नाहीत. फोन त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, करायच्या, आणि मामा मागून "पाऊस आहे कां विचार", "मुलगी बरी आहे कां विचार" असं सुचवत राहायचे. त्या दिवशी मात्र मामांचाच आवाज होता. "मुग्धा, रुक्मिणी गेली," ते म्हणाले. "जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. चेहरा अगदी नीट आहे... तू घाईनं येऊं नको गे. रस्त्यात गर्दी असेल, सावकाश ये." बायको गेल्यावर तासाभरात दुसऱ्याच्या प्रवासाची काळजी करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नुंगंबाक्कमला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत टॅक्सीत बसून मी रडले नाही; नुसती बाहेर बघत राहिले. सत्तरी ओलांडलेली बाई, दुपारचं पोटभर जेवण, आपलाच पलंग, वर फिरणारा पंखा... अक्कांना कुणी निवडायला सांगितलं असतं, तर त्यांनी हेच निवडलं असतं, असं सारखं वाटत होतं.

पोहोचले तर जिन्यावर आमच्या जुन्या कारखान्यातली माणसं उभी होती. अक्का, म्हणजे रुक्मिणी राव, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी बातमी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेली होती. क्रेन चालवणारे एळुमलै पांढरा शर्ट घालून दाराशी उभे होते. कुणीतरी शेजाऱ्याने त्यांना विचारलं, "तुम्ही कोण, नातेवाईक?" ते तमिळमध्ये म्हणाले, "नाही. आमच्या लिमिट स्विच अक्का होत्या त्या." विचारणाऱ्याला काही कळलं नाही. आम्हा कारखान्यातल्यांना मात्र त्या एका नावात सगळं कळलं.

ज्यांनी कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. लिमिट स्विच म्हणजे मुठीएवढी डबी. तिला बाहेर एक दांडी असते, दांडीच्या टोकाला छोटं चाक. यंत्राचा हलणारा भाग ठरलेल्या जागेपर्यंत आला की चाकाला लागतो, दांडी वळते, आतला जोड तुटतो आणि मोटर बंद पडते. एवढंच. सगळं ठीक चाललेलं असतं तेव्हा ही डबी कुणाच्या ध्यानात नसते, आणि मध्येच काम अडवते तेव्हा सगळे तिला शिव्या देतात. अक्कांनी नोकरीची उभी हयात या डब्यांच्या मागे घालवली.

मी इचलकरंजीहून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन चेन्नईच्या पश्चिमेकडच्या एका कारखान्यात लागले. मोटारींचे पत्र्याचे भाग तिथे तयार होत. तमिळचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच सकाळी देखभाल विभागात खाकी कोट घातलेली, केस घट्ट बांधलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलेली बाई माझ्याकडे बघत म्हणाली, "कोठची गे तू? जेवलीस कां?" मी चकित झाले. मराठीच होती, पण माझ्या पणजीच्याही आधीची वाटावी अशी, आणि तमिळच्या चालीवर हेलकावे घेणारी. अक्कांचं घराणं तंजावरचं. कित्येक पिढ्यांमागे तिथे गेलेलं, घरात मराठी टिकवलेलं, पुढे नोकऱ्यांसाठी चेन्नईत आलेलं. ‘सगळं’ या शब्दाला त्या ‘अस्कं’ म्हणत. "अस्कं आज शिकूं नको," त्या मला म्हणाल्या, "आज एवढंच शीक, की यंत्र उघडण्याआधी त्याची वीज तोडायची, त्याला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. दुसऱ्याच्या खिशात नाही."

मग त्यांनी टेबलावर एक जुना लिमिट स्विच उघडून ठेवला आणि मला विचारलं, आतली तार तुटली तर यंत्रानं काय करावं? मी म्हटलं, तार तुटली म्हणजे स्विच निकामी, यंत्र चालतच राहील. त्या हसल्या. "तशी जोडणी करायची नाही. तार तुटली तरी यंत्राला ‘थांब’ असंच ऐकूं यायला पाह्यजे. म्हणून नेहमी जोड जुळलेला ठेवायचा आणि थांबवताना तोडायचा." चार वर्षांच्या पदवीत हे मी वाचलं असेलच, पण कळलं त्या टेबलाशी.

अक्कांच्या वडिलांनी, ते शाळामास्तर होते, मुलीला इंजिनिअर केलं तेव्हा नात्यात फार बोलणी झाली होती. पहिल्या नोकरीत साहेबांनी त्यांना नकाशे काढायला बसवलं. साडी नेसणारी बाई यंत्रांमध्ये कशी फिरणार, हा त्यांचा प्रश्न. अक्कांना तो प्रश्न रास्त वाटला. यंत्राजवळ पदर नकोच, त्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात शिंप्याकडून पँट आणि कोट शिवून घेतला. आई म्हणाली, आता हिच्याशी लग्न कोण करील? पुढे सेतुमाधव राव बघायला आले. बँकेत नोकरी, बोलणं हळू. अक्कांनी त्यांना आधीच सांगून टाकलं, "मी यंत्राच्या खड्ड्यात उतरते. हाताला ग्रीस असतं." मामा म्हणाले, "मला घरचा फ्यूज बदलायचीसुद्धा भीती वाटते. बरंच झालं." ही गोष्ट दोघंही मला निरनिराळ्या दिवशी सांगत, आणि सांगताना दोघंही दुसऱ्याचंच वाक्य जास्त रंगवून सांगत.

कारखान्यात अक्कांचं खरं रूप मी पाहिलं ते पावसाळ्यात. आमच्याकडे साचे उचलणारी मोठी क्रेन होती. एकेक साचा काही टनांचा, आणि यंत्रांवरून पलीकडे न्यायचा म्हणून तो पार वरपर्यंत उचलावा लागे. हूक ठरावीक उंचीपर्यंत गेला की लिमिट स्विच त्याला थांबवत असे. तो पुढे गेला, तर दोर गुंडाळणाऱ्या वरच्या ड्रमला धडकून दोर तुटायचा आणि साचा खाली यायचा. त्या नोव्हेंबरात, म्हणजे चेन्नईच्या ऐन पावसाळ्यात, छपरातून गळणारं पाणी स्विचच्या डबीत शिरू लागलं होतं, आणि क्रेन कुठेही, अर्ध्यावरच थांबायची. माल पाठवायची घाई होती. उत्पादनाच्या कुणीतरी शिडी लावून स्विचची दांडी तारेनं बांधून टाकली. क्रेन सुरळीत चालू लागली. सगळे खूश.

अक्का रोज सकाळी रिकामा हूक हळूहळू वर नेऊन तो आपोआप थांबतो का हे पाहायला लावत. त्या सकाळी एळुमलैंनी हूक वर नेला आणि अक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण तो थांबण्याची काही लक्षणं दिसत नव्हती. मग त्यांनी वर पाहिलं, तार पाहिली. त्या ओरडल्या नाहीत, कुणी केलं हेही विचारलं नाही. क्रेनचा मुख्य स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावलं, आणि शेजारी एक खुर्ची ओढून बसल्या.

थोड्याच वेळात कारखान्याचे मॅनेजर राघवन सर आले. भला माणूस, पण त्या दिवशी गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येत होते. "अक्का, आजचा दिवस जाऊ द्या," ते तमिळमध्ये म्हणाले. "उद्या हवं तेवढं दुरुस्त करा. एळुमलै अनुभवी आहे, तो बघून थांबवेल."

"तो रोज बघूनच थांबवतो सर," अक्का म्हणाल्या. "तसंच करायचं असतं. स्विच हा ब्रेक नव्हे. एळुमलैचा हात चुकेल त्या दिवसासाठी तो आहे."

"माल आज गेला नाही तर मला वर जाब द्यावा लागेल."

"मलाही द्यावा लागेल. दोघं मिळून देऊं."

"आणि मी क्रेन चालू करा असा हुकूमच दिला तर?"

अक्कांनी कोटाच्या खिशावर हात ठेवला. "तर माझं कुलूप तोडावं लागेल. ते तुम्ही तोडणार नाही, हे मला ठाऊक आहे सर. म्हणून तर मी इथे शांत बसले आहे."

सर निघून गेले. अक्कांनी डबा मागवून तिथेच खाल्ला, आणि आमच्याकडून कामही करून घेतलं. डबी उघडली तेव्हा आत गंजाचं पाणी होतं. झाकणाची रबरी कड वाळून तडकली होती. विजेची तार वरच्या बाजूनं आत शिरत होती, म्हणून छपराचं पाणी तारेवरून ओघळत थेट आत जात होतं. अक्कांनी नवा स्विच लावताना तार खालून आत घ्यायला लावली, आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायला लावला म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल, आणि दांडीचा सैल झालेला स्क्रू स्वतः आवळला. संध्याकाळी रिकामा हूक वर गेला, चाकाला लागला आणि थांबला. त्यांनी पुन्हा करायला लावलं, आणि पुन्हा. मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडलं. राघवन सरांकडे मात्र त्यांनी आणखी एक मागणी केली: या स्विचच्या वर दुसरा, वेगळा लिमिट स्विच हवा, आणि तो मोटरचा मुख्य वीजपुरवठाच तोडणारा हवा. सरांनी तोंड फिरवूनच सही केली. माल एक दिवस उशिरा गेला, वरून बोलणी बसली, आणि पुढे कित्येक दिवस सर अक्कांशी कामापुरतंच बोलत.

त्या आठवड्यात कंपनीच्या बसमधून घरी येताना मी अक्कांना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? त्यांनी डब्याची पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाल्या, "एकदाच वाटली होती. फार पूर्वी." त्यांच्या पहिल्या कारखान्यात मालाची लिफ्ट होती. जाळीचं दार नीट लागल्याशिवाय ती हलू नये म्हणून दाराला स्विच होता. तो नीट लागत नाही म्हणून कुणीतरी त्यात पुठ्ठ्याचा तुकडा खोचून ठेवला होता. "सकाळी मी तो पाहिला गे. म्हटलं, स्टोअरवाले काढतील, त्यांची लिफ्ट आहे. दुपारी दार उघडं असताना लिफ्ट हलली. दोरैसामी म्हणून स्टोअरकीपर होते, त्यांचा पाय अडकला..." बस सिग्नलला थांबली होती. "पाऊल गेलं. जीव वाचला. मी त्यांना सांगायला गेले, की मी पाहिलं होतं. ते म्हणाले, मीही रोज पाहत होतो अम्मा." पुढे दोरैसामींनी घराजवळ चहाचं दुकान काढलं, आणि अक्का अन् मामा दर पोंगलला त्यांच्याकडे जात राहिले, ते दोरैसामी असेपर्यंत. "तेव्हापासून मी ठरवलं," अक्का म्हणाल्या, "जे माझ्या डोळ्याला दिसलं, ते माझं काम." नंतर त्यांनी ही गोष्ट पुन्हा काढली नाही, मीही विचारलं नाही.

दुसरा स्विच बसला. उन्हाळा आला. एके दिवशी दुपारच्या पाळीत एळुमलै एक मोठा साचा वर घेत होते. साचा यंत्राच्या उंचीच्या वर गेल्यावर त्यांनी बटण सोडलं, पण हूक थांबला नाही. मोटरला वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टरचे जोड तापून एकमेकांना चिकटले होते, त्यामुळे बटण सोडून उपयोग नव्हता. पहिला लिमिट स्विच लागला, त्यानं आपलं काम केलं, पण तो त्याच कॉन्टॅक्टरला सांगणार, आणि कॉन्टॅक्टर सुटायलाच तयार नव्हता. खाली दोघं फिटर पुढच्या साच्याला साखळी बांधत होते. एळुमलैंचा हात लाल बटणाकडे जाईपर्यंत हूक दुसऱ्या स्विचला लागला. मुख्य वीज तुटली, ब्रेक धरला गेला, आणि साचा वर, अगदी ड्रमच्या खाली, लटकत राहिला. तो किंचित झुलत होता, एवढंच मला आठवतं.

अक्का धावत आल्या नाहीत. त्या कारखान्यात कधीच धावत नसत. त्यांनी आधी सगळ्यांना लांब केलं, खालच्या जागेभोवती दोरी बांधायला लावली, आणि साचा ब्रेक जरा जरा सोडत सावकाश खाली उतरवून घेतला. तो जमिनीला टेकल्यावरच त्यांनी एळुमलैंना क्रेनच्या केबिनमधून उतरायला सांगितलं. एळुमलै उतरले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. ते दोघं फिटरही त्यांच्याजवळ येऊन बसले. अक्कांनी तिघांना पाणी दिलं. कुणीतरी म्हणालं, त्या वरच्या स्विचला हार घालू या. "हार कशाला," अक्का म्हणाल्या, "कॉन्टॅक्टर बदला. आणि तो स्विच उतरवून तपासा. त्यानं मोठा दणका खाल्ला आहे, पुन्हा काम करील कां ते बघूं या."

राघवन सर थोड्या वेळानं आले. सगळं ऐकलं, वर पाहिलं. आम्हाला वाटलं आता ते काही बोलतील. ते अक्कांजवळ गेले आणि म्हणाले, "अक्का, जेवलात का?" अक्का म्हणाल्या, "अजून नाही सर." मग दोघं कँटीनमध्ये जाऊन बसले. दोघांचा दहीभात सरांनी स्वतः टेबलावर आणला, असं वाढणाऱ्या माणसानं नंतर सांगितलं. त्या वर्षापासून क्रेनच काय, प्रत्येक यंत्राचे स्विच कधी तपासायचे ते अक्का ठरवत, आणि त्या दिवशी यंत्र बंद राहील हे सर स्वतः वर कळवत.

निवृत्तीनंतरही अक्का नव्या लोकांना शिकवायला येत राहिल्या, गुडघे दुखेपर्यंत. मी पुढे शोळिंगनल्लूरला आले. यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम लिहिते. हे ऐकून अक्का म्हणाल्या होत्या, "चांगलं आहे. पण शेवटचं थांबवणं प्रोग्रॅमवर सोडूं नको. तिथे तार ठेव." आजही नव्या कामाचा आराखडा आला की माझी पहिली नजर तिकडेच जाते. सुट्टीत आम्ही नुंगंबाक्कमला जायचो. अक्का वांग्याचं आंबट सार करायच्या, उडदाच्या पिठाच्या डांगराची पचडी करायच्या, आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन भरवायच्या. मुलगी त्यांच्याकडून तंजावरची मराठी उचलायची. इचलकरंजीला गेल्यावर आजीला म्हणायची, "अस्कं खाल्लं." माझी आई मला विचारी, ही कुठली भाषा शिकवतेस पोरीला? अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. म्हणाल्या, "मूलबाळ नाही म्हणून आमची भाषा आमच्याबरोबर जाईल असं मला वाटत होतं. बघ, कोल्हापूरकडे चालली." ही आमची शेवटची भेट. दारापर्यंत सोडायला आल्या, आणि मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत उभ्या राहिल्या.

त्या गेल्यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, मी मामांना भेटायला गेले. मामा बरे होते. भात करायला शिकले होते. जरा गिचका होतो, पण आवडतो म्हणाले. चहा झाल्यावर ते मला आतल्या छोट्या खोलीत घेऊन गेले. ही खोली मी कधी नीट पाहिलीच नव्हती; अक्का बाहेर बसून गप्पा मारणाऱ्या. खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर टेस्टर, पक्कड, टेपची गुंडाळी, आणि मधोमध वॉशिंग मशीनच्या झाकणाचा छोटा स्विच उघडून ठेवलेला. "खालच्या लक्ष्मी मामींचा," मामा म्हणाले. "मशीनवाला म्हणाला होता, हा काढून टाकतो आणि तार सरळ जोडतो, झाकण उघडं असलं तरी फिरेल. रुक्मिणीनं नको म्हटलं. यांच्याकडे नातवंडं येतात, हात घालतील म्हणाली. नवा आणून ठेवलाय. बसवायचा राहिला."

निवृत्तीनंतर साऱ्या इमारतीच्या बिघडलेल्या वस्तू या टेबलावर येत होत्या, हे मला तेव्हा कळलं. मी नवा स्विच घेतला आणि खाली गेले. मशीनचा प्लग काढला, स्विच बसवला, प्लग लावला. लक्ष्मी मामींनी ओले कपडे टाकले, ड्रम गरगरू लागला. मी झाकण उचललं आणि तो थांबला. मामी पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "आठ दिवसांत करून देते म्हणाल्या होत्या..." आणि मग स्वतःच हसल्या, कारण झाकण बंद करताच मशीन पुन्हा फिरू लागलं होतं.

मी वर आले तर टेबलावर एक इस्त्री ठेवलेली होती. तिची वायर टोकाशी जळून काळी पडली होती. मी मामांकडे पाहिलं.

"तिसऱ्या मजल्यावरच्यांनी आणून दिली," ते म्हणाले.

"त्यांना माहीत नाही का, मामा?"

"माहीत आहे की. अंत्ययात्रेला आले होते ते." मामांनी टेबलावरची पक्कड उचलून जरा सरळ ठेवली. "दारात उभे राहून विचारत होते, तुमच्याकडे अजून दुरुस्तीला घेता कां म्हणून. मी होय म्हटलं."

मी इस्त्रीची वायर किती लांब लागेल ते मोजून घेतलं. मामा शेजारी उभे राहून बघत होते.